गिरणी बंद होती त्या दिवशी

"टीव्ही यंत्र न्हाई," अण्णांनी निकाल दिला. "ज्याच्यात फिरतं काय न्हाई, ते कसलं यंत्र? हार घाला त्याला, पण बंद करायचं कारण न्हाई."

"मग पंखा?" माझ्या नवऱ्याने, धनंजयने, विचारलं.

"पंखा फिरतोय. पंखा बंद."

खंडेनवमीची सकाळ होती. तासगावातलं आमचं घर म्हणजे खाली सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, पिठाची गिरणी आणि वर आम्ही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गिरणी चालायची आणि वर आमच्या फळ्यांच्या जमिनीवर ठेवलेली भांडी बारीक थरथरत असायची. लग्न होऊन आले तेव्हा मला होडीत राहायला आल्यासारखं वाटलं होतं. मग सवय झाली. इतकी, की माहेरी सांगलीला गेले की पायाखालची फरशी मुकाट वाटायची.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, गिरणी पूर्ण बंद असे. अण्णा सकाळी दगड झाडून पुसून काढत, मोटारीला हळदकुंकू लावत, पट्ट्यावर झेंडूची माळ सोडत. त्या दिवशी गिरणीच काय, घरातलं एकही यंत्र चालवायचं नाही असा त्यांचा नेम होता. मिक्सर, शिलाई मशीन, पंखा, सगळ्यांना एकेक फूल आणि दिवसभर विश्रांती. चटणी खलबत्त्यात कुटायची. एरवी वीज गेली की गिरणी बंद पडायचीच, पण तेव्हा टीव्हीही बंद पडायचा. सकाळच्या वेळी गिरणी गप्प आणि टीव्ही चालू, असं वर्षात याच एका दिवशी घडू शकत होतं. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, नंतर सुचलं.

टीव्हीला सूट मिळाली त्याचं खरं कारण वेगळं होतं. दर शनिवारी सकाळी 'आतून कसं असतं?' नावाची एक मालिका लागायची. देवस्थळी नावाचे जाड चष्म्याचे गृहस्थ घरातलं एकेक यंत्र घेऊन बसत. मिक्सर मधोमध कापलेला, इस्त्रीचं पोट उघडलेलं, कपडे धुण्याच्या मशीनला एका बाजूने काच बसवलेली. आत काय फिरतं, काय तापतं, पाणी कुठून येतं नि कुठे जातं, ते सगळं डोळ्यांनी दिसायचं. आणि दर वेळी काही उघडण्याआधी ते बोट वर करून म्हणायचे, "आधी बंद करा, मग उघडा." अण्णा त्यांची नक्कल करायचे. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, जेवणाचा डबा उघडला तरी म्हणायचे, "आधी बंद करा!"

त्या शनिवारी घरघंटी दाखवणार होते. घरच्या घरी दळण दळायची चक्की. आठवडाभर अण्णा धुमसत होते.

"दाखवा म्हणावं लोकांना. घरोघरी घ्या म्हणावं. आणि मी खाली बसून भजन करतो."

"नका बघू मग," आई म्हणाल्या.

"बघणार! चष्मेवाला काय काय खोटं बोलतोय ते ऐकणार."

म्हणून आम्ही सगळे टीव्हीपुढे होतो. अण्णा खुर्चीत, आई भिंतीशी तांदूळ निवडत, धनंजय दाराच्या चौकटीला टेकून. मी खलबत्ता घेऊन बसले होते. आणि सगळ्यांच्या पुढे, पडद्यापासून हातभर अंतरावर, जाड गादीच्या घडीवर मांडी घालून आमची मुलगी रेवा.

रेवा साडेतीन वर्षांची होती आणि अजून एक शब्द बोलली नव्हती.

तिला ही मालिका हवीच असायची. कार्टून लावा, गाणी लावा, ती उठून जायची. देवस्थळी आले की पळत यायची. अर्धा तास हलायची नाही. मोटार फिरताना दिसली की दोन्ही हात छातीशी धरून हसायची, घशातल्या घशात, कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ निघते तसं.

"एवढं कान देऊन ऐकतीय पोरगी," आई शेजारणींना सांगायच्या, "आणि आमची सूनबाई म्हणती काहीतरी कमी हाय."

मी "कमी आहे" असं कधी म्हटलं नव्हतं. मी एवढंच म्हणत होते की मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन दाखवू. पण या घरात एक जुनी गोष्ट होती आणि तिच्यापुढे माझं काही चालत नव्हतं. धनंजय चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. मग एके दिवशी गिरणीत येऊन थेट म्हणाला, "अण्णा, भूक लागली." ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली होती की मलाही ती पाहिल्यासारखी आठवायची. "बापावर गेलीय," आई म्हणत, आणि सहाणेवर वेखंड उगाळून मधातून रेवाच्या जिभेला लावत. पोपटाने उष्टावलेला पेरूही आणून झाला होता. गावातल्या डॉक्टरांनी तिला टेबलाशी उभं केलं होतं, टेबलावर पेला आपटला होता, तिने वळून पाहिलं होतं. "ऐकतेय की. जीभ जड आहे, सुटेल," ते म्हणाले. बालवाडीच्या बाईंनी प्रेमाने सांगितलं, "बोलायला लागली की लगेच आणा." धनंजय म्हणे, "दिवाळीनंतर बघू."

आणि मी बघत राहायचे. दुसरं काय करणार? ती झोपली की तिचा श्वास बघायचा, जेवताना तिचे ओठ बघायचे, खेळताना तिची पाठ बघायची. मी बी.एस्सी. झालेली बाई. निरीक्षण कसं करायचं ते शिकलेली. पण माझ्या प्रत्येक निरीक्षणाला घरात उत्तर होतं. मी म्हणे, हाक मारली तर वळत नाही. आई म्हणत, थांब, आणि पाय आपटत येत. रेवा वळे. मी म्हणे, रात्री फटाके वाजले तरी उठली नाही. अण्णा म्हणत, "अगं, गिरणी बंद झाली की झोपेतनं उठून रडती ती! कान किती तिखट असतील बघ." तेही खरंच होतं. दुपारी वीज जाऊन गिरणीचा पट्टा थांबला की रेवा झोपेतून दचकून उठे. परत सुरू झाली की आतल्या खोलीतून धावत येई, मधल्या खोलीत जमिनीवर पालथी पडे आणि फळीवर गाल टेकून डोळे मिटून घेई. या मुलीला ऐकू येतं यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा होता? मला माझाच संशय येऊ लागला होता. रिकाम्या मनाची बाई, सारखी काहीतरी शोधत असते, असा.

मालिका सुरू झाली. देवस्थळींनी घरघंटीचं झाकण काढलं.

"एवढीशी?" अण्णा म्हणाले. "ह्याच्यात काय, सत्यनारायणाचा शिरा?"

"अण्णा, ऐकू द्या," धनंजय म्हणाला.

देवस्थळी म्हणाले, "आधी बंद करा, मग उघडा," आणि बोट वर केलं. रेवानेही बोट वर केलं. ती दर वेळी करायची. आई कौतुकाने माझ्याकडे बघून हसल्या. बघ, कसं कळतं.

आणि टीव्हीचा आवाज गेला.

चित्र होतं. देवस्थळींचे ओठ हलत होते. आवाज मात्र चिमटीत धरून उपटून काढल्यासारखा नाहीसा झाला.

"बरं झालं!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "बोलती बंद झाली एकदाची. देवी पावली."

धनंजय पुढे झाला. त्याने आवाजाचं बटण दाबून पाहिलं, टीव्हीच्या डोक्यावर चापट मारून पाहिली. "केबलवाल्याकडूनच गेलाय बहुतेक."

"हार जड झाला आसंल त्याला," अण्णा म्हणाले.

आई हसल्या. मीही हसले असते. पण मी रेवाकडे पाहत होते.

आवाज गेला तेव्हा आम्ही चौघंही हललो होतो. कुणी मान वळवली, कुणी एकमेकांकडे पाहिलं, कुणी बोललं. रेवाची पाठ हलली नव्हती. धनंजय मध्ये आला तेव्हा ती चिडून बाजूला सरकली, तो दूर झाल्यावर पुन्हा तशीच बसली. देवस्थळी काचेच्या पेटीत गहू सोडत होते. गहू दगडाशी उडू लागले आणि रेवा हात छातीशी धरून हसली. घशातल्या घशात. दर शनिवारसारखीच. तिच्यासाठी कार्यक्रमातलं काहीच बिघडलं नव्हतं.

मी पडद्याकडे पाहिलं. ओठ हलताहेत, बोट वर जातंय, यंत्र फिरतंय आणि कुठे काही नाही. मला कळलं की रेवा दर शनिवारी पाहत होती तो कार्यक्रम हाच. आज पहिल्यांदा आम्ही तिच्या शेजारी येऊन बसलो होतो.

"रेवा," मी हाक मारली.

"बघू दे की तिला," आई म्हणाल्या.

"रेवा!"

खाली गिरणी नव्हती. डोक्यावर पंखा नव्हता. टीव्ही मुका होता. त्या घरात माझा आवाज इतका स्वच्छ मी कधी ऐकला नव्हता. माझी मलाच भीती वाटली.

"वृंदा, काय झालं?" धनंजयने विचारलं.

मी देव्हाऱ्यातून घंटा आणली. रेवाच्या मागे उभं राहून तिच्या कानाशी वाजवली. ती पडद्याकडे बघत राहिली.

"तंद्री लागलीय तिची," आई म्हणाल्या. "अशानं कुणी वळंल व्हय? सरक, मी दाखवते." त्या उठल्या, दोन पावलं चालत आल्या आणि नेहमीसारखा पाय आपटला. गादीची घडी हलली. रेवाने वळून वर पाहिलं आणि आजीला बघून हसली.

"बघ!" आई म्हणाल्या. "झालं समाधान?"

"आई," मी म्हटलं, "आता पाय न आपटता."

"म्हणजे?"

"हाक मारा नुसती. तुम्हाला हवी तेवढी मोठ्याने. फक्त पाय आपटू नका."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. रेवा पुन्हा पडद्याकडे वळली होती. आईंनी हाक मारली. मग तिचं लाडाचं नाव घेऊन मारली. मग तिसऱ्यांदा, जरा कापऱ्या आवाजात. मग त्या तिथेच खाली बसल्या आणि पदराने तांदळाचे हात पुसू लागल्या, पुसतच राहिल्या.

अण्णा खुर्चीत पुढे वाकले होते. त्यांनी स्वतःच्या पायांचे तळवे जमिनीवर सपाट टेकवले होते. अण्णांना वर बसल्या बसल्या पायाखालून कळायचं, पट्टा सैल झालाय, दगड जवळ आलाय, मजूर झोपलाय. कितीदा तरी ते जेवणावरून उठून खाली पळत. ते आपल्या पायांकडे बघत होते.

"अण्णा, ती तंद्रीत आहे," धनंजय म्हणाला. "गिरणी बंद झाली की उठते ना ती. तुम्हीच सांगता."

"मी सांगतो," अण्णा म्हणाले. "मीच सांगत आलोय." ते उठले. "पोरीला घेऊन खाली या. जमिनीवर ठेवू नका. समोर गुरवाच्या दगडी ओट्यावर बसवा. गिरणीकडं पाठ करून."

"काय करताय?" आई म्हणाल्या.

"गिरणी चालू करतोय."

"आज? अहो, पूजा झालीय! माळ घातलीय पट्ट्याला!"

"माळ काढतो."

"तुमच्या वडलांच्या वेळपासनं आजच्या दिवशी..."

"मला ठाऊक हाय!" अण्णा जिन्यावरून ओरडले. मग थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मला ठाऊक हाय गं. देवीला मी सांगतो काय सांगायचं ते."

मालिका अर्धवट राहिल्यामुळे रेवा हातपाय झाडत होती. मी तिच्या ओंजळीत झेंडूची फुलं दिली. रस्ता ओलांडून गुरवांच्या ओट्यावर बसवली. ओट्याचा दगड गार होता. ती पाकळ्या काढून ओळीने मांडू लागली. धनंजय तिच्यासमोर उकिडवा बसला, तिचा चेहरा दिसेल असा. मी मागे उभी राहिले.

गिरणीच्या दारातून अण्णा दिसत होते. त्यांनी माळ काढून मोटारीवर ठेवली. दगड कोरडे घासू नयेत म्हणून घरच्या पोत्यातले गहू वर ओतले. मग हात जोडले. मग बटण दाबलं.

पुऱ्या गल्लीत आवाज भरला. पन्हळीवरची कबुतरं फडफडून उडाली. ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून चालू लागलं. आतून गुरवकाकू पिठाच्या हाताने बाहेर आल्या. "अगं बाई, आज गिरणी? अण्णांचं डोकं फिरलं का काय?"

रेवाने एक पाकळी उचलली, नीट पाहिली आणि ओळीच्या शेवटी ठेवली.

"रेवा," धनंजय म्हणाला. गिरणीच्या आवाजात ते मला जेमतेम ऐकू आलं. "रेवा! ए रेवा! बाळा!" तो ओरडायला लागला. रेवाचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं. तिला वाटलं, तो खेळतोय. तिनेही तोंड मोठं उघडलं, बंद केलं, उघडलं. आणि हसून एक पाकळी त्याच्या ओठांत ठेवली.

धनंजयने ती पाकळी तशीच धरून ठेवली. त्याचे डोळे माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं, हा दिवस आला तर मी म्हणेन, बघा, मी सांगत होते. पण मी आयुष्यात पहिल्यांदा चुकीची ठरायला तयार होते आणि ते होत नव्हतं.

मी तिला उचललं आणि रस्ता ओलांडून जिना चढून वर नेलं. मधल्या खोलीत, फळ्यांवर, तिला उभी केली. तिचे तळवे जमिनीला लागले मात्र, तिचा सगळा चेहरा बदलला. कुणीतरी आपलं माणूस दारात दिसावं तसा. ती पालथी पडली, गाल फळीला लावला, एक हात पसरून जमिनीवर सपाट ठेवला आणि डोळे मिटले.

धनंजय दारात उभा होता.

"तिला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

ते वाक्य त्या घरात तोवर कुणीच उच्चारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. "मी वेखंड चाटवत बसले," त्या म्हणत होत्या. "जिभेला दोष देत बसले गं."

खाली अण्णांनी गिरणी बंद केली असावी. पट्टा हळूहळू थांबला, फळ्या शांत झाल्या. रेवाने डोळे उघडले. तिचा ओठ वाकडा झाला आणि ती रडू लागली. झोपेतून उठून रडायची अगदी तसंच रडणं. इतकी वर्षं आम्ही ते कौतुकाने सांगत होतो. तिच्यापुरतं घर दर वेळी असं विझत होतं आणि आम्ही म्हणत होतो, कान तिखट आहेत.

मी तिला जवळ घ्यायला वाकले. तेवढ्यात खालून मोटारीचा घरघराट पुन्हा सुरू झाला. अण्णांनी तिचं रडणं ऐकलं होतं. फळ्या थरथरू लागल्या. रेवा हुंदके देत देत पुन्हा गाल टेकून पडली आणि पडल्या पडल्या झोपी गेली.

त्या खंडेनवमीला आमची गिरणी दुपार कलेपर्यंत चालली. दळण घेऊन कुणीही आलं नव्हतं. घरचे गहू संपले तेव्हा अण्णांनी ज्वारी घातली. मी जेवायला बोलवायला गेले तर ते पिठाने पांढरे होऊन स्टुलावर बसले होते, माळ मांडीवर होती.

"झोपलीय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ऱ्हाऊ दे चालू. उठली की सांग."

पुढे मिरजेला काय सांगितलं ते आम्हाला आधीच माहीत होतं. त्यांनी फक्त कानांच्या तपासणीची रेघ कागदावर काढून दाखवली आणि म्हटलं, जन्मापासून असणार. आता तरी आणलंत ते बरं केलंत. रेवा आता दहा वर्षांची आहे. कानामागे यंत्र लावते, मी बोलत असताना माझ्या ओठांकडे बघते, आणि मनाविरुद्ध काही सांगितलं की सरळ डोळे मिटून घेते. भांडण तिथेच संपतं. पण ते सगळं नंतरचं. मला आठवतो तो दुसऱ्या दिवशीचा दसरा.

कुंदावन्सं, धनंजयची मोठी बहीण, गावातच दिलेल्या. दर दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला यायच्या. त्या वर आल्या त्या नेहमीसारख्या बोलत बोलतच. "काय गं वहिनी, म्हणे काल गिरणी चालली? गावभर झालंय. अण्णांना म्हटलं, रावणाचं दळण होतं काय?"

कुणी हसलं नाही. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. हातातली आपट्याची पानं तशीच राहिली.

धनंजयने सांगितलं. अगदी थोडक्यात.

कुंदावन्संनी पानं देव्हाऱ्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे बारशाला..."

"हं," आई म्हणाल्या.

"मी नाव सांगितलं होतं तिच्या कानात. पहिलं मीच सांगितलं." त्यांचा हात आपोआप स्वतःच्या पाठीकडे गेला. बारशाला आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी त्याच क्षणी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. रेवाच्या बारशाला शेजारणींनी इतके धपाटे घातले होते की कुंदावन्सं आठवडाभर पाठ शेकत होत्या आणि प्रत्येकीला सांगत होत्या, भाचीचं नाव माझ्या पाठीवर लिहून ठेवलंय. "मी म्हटलं, नाव ऐकून कशी गप्प झाली बघा. आठवतं? शहाणी हाय म्हटलं."

"आठवतं," मी म्हटलं.

"म्हणजे तिला अजून नावच न्हाई."

रेवा जमिनीवर बसून मिक्सरचं रिकामं भांडं उलटसुलट करून बघत होती, आतलं पातं बोटाने फिरवायला. मी ते काढून घेतलं आणि तिच्यासमोर बसले. काल रात्रभर मनात जे चालू होतं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी कुंदावन्संना म्हटलं, "तुम्ही परत सांगा."

"काय?"

"नाव. कानात नको. इथे." मी रेवाचा हात धरला आणि त्यांच्या गळ्यावर ठेवला.

कुंदावन्सं फळ्यांवर बसल्या. त्यांनी पदर नीट केला, बारशाला करतात तसा. रेवा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिची बोटं त्यांच्या गळ्यावर पसरलेली, गिरणीच्या फळीवर पसरायची तशी. कुंदावन्संनी आवंढा गिळला आणि तिची बोटं वर-खाली झाली.

"कुर्र," त्या म्हणाल्या. आवाज फुटत नव्हता. पुन्हा म्हणाल्या, "कुर्रर्र... रेवा."

रेवाच्या भुवया वर गेल्या.

"रेवा," त्या म्हणाल्या. "रेवा. रे-वा."

आणि आई उठल्या. रडत होत्या, पण उठून कुंदावन्संच्या मागे गेल्या आणि त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. मग मीही घातला. त्या "अगं आई गं" म्हणून ओरडल्या, आणि ते ओरडणं रेवाच्या तळहाताखाली धाडकन उमटलं असणार, कारण ती दचकली आणि खदखदून हसली. घशातल्या घशात नाही. मोठ्याने. खालून अण्णा जिना चढून वर आले ते ऐकून.

"पुन्हा म्हण," ते दारातूनच म्हणाले.

"रेवा," कुंदावन्सं म्हणाल्या.

रेवाने हात त्यांच्या गळ्यावरून काढला. क्षणभर तळव्याकडे पाहिलं. मग तो स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि वाट पाहू लागली.